शाळेच्या शेवटच्या वर्षाची कलाकृती: कोऱ्या वहीपासून भिंतीपर्यंत

दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना विचारतो, "वर्षभर एकच काम करायचंय, विषय काय घेणार?" उत्तरं साधारण ठरलेली असतात. एकटेपणा. काळ. माणूस आणि निसर्ग. स्वतःची ओळख. एखादा धीट मुलगा "अस्तित्व" म्हणतो आणि मागच्या बाकावरचे खुसखुसतात. यातला एकही विषय वाईट नाही. पण कागदासमोर बसल्यावर यातलं काहीही काढता येत नाही, ही खरी अडचण.

एका मुलीनं असाच "एकटेपणा" घेतला होता. तीन आठवडे वहीत एक रेघ उमटेना. शेवटी मी विचारलं, "शेवटचं अगदी एकटं वाटलं, तेव्हा डोळ्यांसमोर काय होतं?" ती म्हणाली, "जिना. आई कामावरून यायची वाट बघत मी जिन्यात बसायचे. खालून तिसरी पायरी वाजायची. ती कशी वाजते त्यावरून कोण आलंय ते कळायचं." पुढे तिनं तो जिनाच केला. सात छापचित्रं, प्रत्येकात एक पायरी, आणि तिसऱ्या पायरीच्या ठशात लाकडाच्या शिरा इतक्या खोल की बोट फिरवावंसं वाटावं. एकटेपणा हा शब्द तिनं कुठेही लिहिला नाही, तरी बघणाऱ्याला तो शोधावा लागला नाही.

शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी पहिल्यांदाच मोठी, स्वतःची अशी कलाकृती किंवा मालिका करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तुम्हाला रेखाटन बऱ्यापैकी जमतं, पण वर्षभर एकाच कामासोबत राहायची सवय नाही, असं मी धरून चालतो.

सगळ्यात आधी नियमपत्रक

कंटाळवाणं काम आहे, एका बैठकीत उरका. जास्तीत जास्त लांबी, रुंदी, वजन किती? मालिकेत किती कामं चालतात? व्हिडिओ असेल तर किती मिनिटांचा? कुठली साहित्यं वर्ज्य आहेत? वहीलाही गुण आहेत का? दुसऱ्याचं छायाचित्र, सॉफ्टवेअरनं बनवलेली प्रतिमा किंवा दुसऱ्याची मदत घेतली तर ती कशी नोंदवायची? ही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. शिवाय ज्या दारातून काम बाहेर काढायचंय ते दार मोजा. हसू नका. खोलीतच अडकून पडलेला कॅनव्हास मी पाहिलाय.

विषय आठवायचा असतो

दहा दिवसांचा एक सराव करा. रोज घरातली किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरची एक वस्तू घ्या आणि ती समोर ठेवून वीस मिनिटं रेखाटा. फोटोवरून नको, प्रत्यक्ष बघून. शेजारी पाच ओळी लिहा, पण भावना नकोत, माहिती लिहा: ही कुणाची, कुठे ठेवलेली असते, कुठे झिजलीय, कधी तुटली, कुणी दुरुस्त केली. "मला या चष्म्याबद्दल फार प्रेम वाटतं" या ओळीतून चित्र निघत नाही. "डाव्या काडीला दोरा गुंडाळलाय, कारण स्क्रू हरवला आणि आजोबांनी नवा घेऊच दिला नाही" या ओळीत चित्र दडलेलं आहे.

दहाव्या दिवशी पानं चाळा. कुठल्या वस्तूकडे तुम्ही नकळत दुसऱ्यांदा वळलात? बहुतेक वेळा विषय तिथेच असतो.

तरीही काही हाती लागलं नाही तर दुसरी यादी करा: मला ठाऊक आहे, पण वर्गातल्या बाकीच्यांना ठाऊक नसेल असं काय काय? एका मुलाला धाकट्या भावाला इन्सुलिन कसं टोचायचं ते माहीत होतं. एकीच्या घरात दोन भाषा बोलल्या जायच्या आणि भांडण नेहमी त्यातल्या एकाच भाषेत व्हायचं. असं ज्ञान आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विषय म्हणून ते सुचतच नाही.

विषय छोटा पडेल ही भीती जवळपास सगळ्यांना वाटते. जॉर्जो मोरांदी हा इटालियन चित्रकार आयुष्यभर बाटल्या, डबे आणि फुलदाण्या रंगवत राहिला. भारतात जन्मलेल्या छापचित्रकार झरीना हाश्मी यांचं कुटुंब फाळणीनंतर अलीगढ सोडून पाकिस्तानात गेलं आणि त्या स्वतः देशोदेशी राहिल्या. त्यांनी 1999 मध्ये 'होम इज अ फॉरेन प्लेस' ही 36 काष्ठछापांची मालिका केली. प्रत्येक ठशात घराशी जोडलेला एक उर्दू शब्द आणि एक साधी, जवळपास भूमितीसारखी आकृती. फाळणीवर केवढा भव्य कॅनव्हास रंगवता आला असता! त्यांनी उंबरठा, दार, भिंत एवढंच घेतलं.

शिल्पकार लुईज बुर्ज्वा यांचं 'मामाँ' (फ्रेंचमध्ये 'आई') हे कोळ्याचं शिल्पही आठवून बघा. 1999 चं, नऊ मीटरच्या वर उंच. त्यांची आई जुन्या विणलेल्या भित्तिपटांची दुरुस्ती करायची. आईचं शिल्प म्हणून त्यांनी आईचा चेहरा केला नाही, आईच्या कामाला शरीर दिलं: सतत विणणारा, सांधणारा, चिकाटीनं बसून राहणारा जीव. तुमच्या विषयात माणूस असेल तर हा प्रश्न वहीत लिहून ठेवा: हा माणूस दिसतो कसा हे सोडा, तो करतो काय?

आता एक नावडती यादी. तुटलेला आरसा, साखळदंड, फुलपाखरू, वितळणारं घड्याळ, दोऱ्यांनी हलणारी बाहुली, अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा, डोळ्यातून ओघळणारा एकच थेंब. परीक्षकांनी ही चिन्हं इतक्या वेळा पाहिलेली असतात की त्यांना मागचा माणूस दिसेनासा होतो. तुमच्या आयुष्यात खरोखरच एक तुटलेला आरसा असेल तर तो अवश्य घ्या. मात्र तोच आरसा घ्या, त्याच तड्यासकट.

ओली जखम

इथे जरा थांबतो, कारण "मनापासूनचं" म्हटलं की मुलं थेट सगळ्यात दुखऱ्या जागी हात घालतात. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचं स्मारक करायचं तिनं लगेच ठरवलं. पहिल्या कल्पनेत आडवा पडलेला मुलगा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना आईवडील. ते काम तिनं 1919 मध्ये सोडून दिलं. पुढे पुन्हा हाती घेतलं आणि शेवटी 1932 मध्ये बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत दोन शिल्पं उभी राहिली: गुडघे टेकलेली आई आणि गुडघे टेकलेला बाप. मुलगा त्यात नाहीच. तो काढून टाकायला तिला इतकी वर्षं लागली.

तुमच्याकडे एक वर्ष आहे. घटना अगदी ताजी असेल, नुसतं आठवूनही श्वास अडखळत असेल, तर तो विषय यंदा बाजूला ठेवा किंवा त्याच्या कडेकडेनं जा. रुग्णखाटेऐवजी बाहेरच्या मार्गिकेतली खुर्ची घ्या, जिथे तुम्ही तासन्‌तास बसला होतात. काम करताना झोप उडाली, दिवसभर तेच डोक्यात फिरू लागलं तर शिक्षकांना किंवा घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा आणि विषय बदला. वर्षाच्या मध्यावर विषय बदलून उत्तम काम केलेली मुलं मला माहीत आहेत.

गोष्ट दुसऱ्याची असेल तर त्याला आधी विचारा. बहिणीचा आजार, वडिलांची गेलेली नोकरी ही त्यांचीही आयुष्यं आहेत आणि तुमचं काम अनोळखी लोक बघणार आहेत.

वही

रेखाटन वही सुंदर ठेवायची वस्तू नव्हे. तिच्यात तारखा हव्यात, फसलेले प्रयोग हवेत, रंगांचे डाग, कापडाचे तुकडे, खोडलेली वाक्यं हवीत. स्पेनमधल्या गेर्निका या गावावर 26 एप्रिल 1937 ला बॉम्ब पडले आणि त्यावरच्या पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राची पहिली रेखाटनं 1 मेची आहेत. त्यानं चाळिसाहून जास्त पूर्वरेखाटनं केली, त्यावर तारखा घातल्या. छायाचित्रकार डोरा मारनं तो कॅनव्हास बदलत असताना त्याचे फोटो काढून ठेवले. सुरुवातीच्या एका फोटोत मध्यभागी वर उगारलेली मूठ दिसते. अंतिम चित्रात ती नाही. फोटो नसते तर ती मूठ कधी होती हे कुणाला कळलंही नसतं. तुम्हीही दर आठवड्याला, एकाच जागी उभं राहून, कामाचा एक फोटो काढा.

वही शेवटच्या महिन्यात बसून मागच्या तारखा टाकून भरू नका. एकच पेन, एकच अक्षर, एकच उत्साह. लगेच ओळखू येतं.

माध्यम: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

"मला ऍक्रिलिक जमतं, म्हणून ऍक्रिलिक" हे कारण वाईट नाही, पण अपुरं आहे. माध्यम स्वतःच काहीतरी सांगत असतं. भारतीय चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांनी 1943 चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला, तेव्हा त्याची रेखाटनं केली. 1970 च्या दशकात त्यांनी 'जखमा' ही मालिका केली. त्यात माणसांच्या आकृत्या नाहीत. पृष्ठावर घाव घातले, त्याचा साचा घेतला आणि कागदाच्या लगद्यातून ठसे काढले. पांढऱ्यावर पांढरं, क्वचित एखादी लाल खूण. कागदालाच जखम झालीय. हेच तैलरंगात रंगवलं असतं तर ते जखमेचं चित्र झालं असतं.

तेव्हा स्वतःला विचारा: माझ्या विषयाचा स्वभाव काय? तो थरांचा आहे, पुसला जाणारा आहे, पुन्हा पुन्हा येणारा आहे की ठिसूळ आहे? पुसट होत चाललेल्या आठवणीला कोळसा चालेल, कारण तो पुसला तरी मागे सावली राहते. रोज तेच घडतं अशा गोष्टीला छापचित्र शोभतं. काहीतरी जपून ठेवण्याबद्दल असेल तर शिवण, गाठी, डबे यांचा विचार करा.

मग एक आठवडा काढा आणि एकाच विषयाचे सहा तळहाताएवढे नमुने करा, प्रत्येक वेगळ्या माध्यमात. यातले चार टाकाऊ निघतील. उरलेल्या दोघांत तुमचा हात कुठे रमला ते बघा. माझा एक कडक नियम आहे: वर्ष निम्मं सरल्यावर आयुष्यात कधीच न हाताळलेलं माध्यम घ्यायचं नाही.

नवख्यांचं नेमकं कुठे बिनसतं, तेही सांगतो.

तैलरंग हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतात, पाण्यासारखे सुकत नाहीत. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड थराला महिने लागतात. खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे ठेवा. उलट केलंत तर पुढे तडे जातात. ऍक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ऍक्रिलिक टिकत नाही. ऍक्रिलिक ब्रशवर वाळलं की ब्रश गेलाच, म्हणून पाण्याचं भांडं कायम शेजारी.

जलरंगाला 300 ग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जाड कागद घ्या. पातळ कागद घ्यायचाच असेल तर आधी भिजवून फळीवर चारही बाजूंनी कागदी गमटेपनं ताणून वाळवा, नाहीतर कागद पापडासारखा वर येतो.

लिनोवर किंवा लाकडावर कोरलेलं सगळं उलटं छापलं जातं. अक्षरं असतील तर आरशात बघून कोरा. दर वर्षी कुणीतरी हे विसरतं आणि दर वर्षी ते शेवटच्या ठशालाच लक्षात येतं.

मातीचं काम सुकताना आणि भट्टीत आकसतं. बारीक बोटं आणि जाड धड एकत्र असेल तर सांध्यावर भेग पडते. जाड भाग आतून पोकळ करा, छोटं भोक ठेवा आणि प्लॅस्टिकखाली सावकाश सुकवा. ओलं काम भट्टीत घातलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, आणि शेजारची दोन-चार कामंही घेऊन जातं. भट्टीच्या घाईपायी झालेली भांडणं मला अजून आठवतात.

सुरक्षिततेबद्दल चार गोष्टी, आणि यात सवलत नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये हात किंवा पाय बुडवून साचा कधीही घेऊ नका. ते घट्ट होताना खूप तापतं, गंभीर भाजतं आणि घट्ट झाल्यावर हात बाहेर निघत नाही. जवसाच्या तेलानं माखलेल्या चिंध्या चुरगाळून टोपलीत टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. त्या सपाट पसरून सुकवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. कोळशाच्या चित्रावर ते पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे, स्प्रेचे रंग वगैरे सगळं उघड्या हवेत. आणि वाळलेल्या मातीची धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

दिवस मागून मोजा

काम द्यायच्या तारखेपासून मागे या. शेवटचे तीन आठवडे सुकणं, चौकट आणि फोटो यांचे आहेत, ते आत्ताच खोडून टाका. उरलेल्या वेळातला साधारण तिसरा हिस्सा विषय आणि नमुन्यांना द्या. मुलांना हे फार वाटतं. पण त्या काळात घाई केलेला प्रत्येक जण पुढे तेवढाच वेळ खोडण्यात घालवतो.

ऑन कावारा या जपानी चित्रकारानं 4 जानेवारी 1966 पासून त्या त्या दिवसाची तारीख रंगवलेली चित्रं करायला घेतली. त्याचा नियम असा की चित्र त्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत पूर्ण झालं नाही तर ते नष्ट करायचं. तुम्ही काही नष्ट करू नका! पण "आज फक्त ही खिडकी, सहा वाजेपर्यंत" असं आवाक्यातलं बंधन घालून बघा. "आज चित्र पुढे नेतो" म्हणणारा दोन तास ब्रश धूत बसतो.

मध्यावरची मरगळ

ती येणारच. पहिला उत्साह ओसरलेला असतो, काम अर्धवट आणि ओंगळ दिसत असतं, शेजारच्या मुलीचं मात्र फारच छान चाललेलं असतं. काम चार दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. पाचव्या दिवशी आरशात बघा, रचना कुठे कलतेय ते दिसेल. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा: सगळं एकाच करड्या छटेत विरघळलं असेल तर दोष रंगांचा नाही, उजेड-अंधाराचा आहे.

मग चित्रकलेशी संबंध नसलेल्या एखाद्याला समोर उभं करा आणि "कसं वाटतंय?" असं विचारू नका, तो "छान" म्हणेल. "काय काय दिसतंय?" असं विचारा आणि गप्प राहा. तो ज्या क्रमानं गोष्टी सांगेल त्या क्रमानं त्याची नजर फिरलेली असते. तुमच्या दृष्टीनं मुख्य असलेली वस्तू त्याच्या यादीत पाचवी आली तर काय करायचं ते तुम्हाला कळेल. मध्येच समजावून सांगायचा मोह होतो. तो आवरा, कारण प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारी तुम्ही उभे नसणार.

शीर्षक आणि निवेदन

दीडशे शब्द पुरतात. बघणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही तेवढंच लिहा: कुठला जिना, कुठलं लाकूड, सातच का. "ही कलाकृती प्रेक्षकाला अंतर्मुख करते" हे वाक्य सापडलं तर खोडा, ते ठरवणं प्रेक्षकाकडे राहू द्या. शीर्षकाचंही तसंच. जिन्याच्या मालिकेचं आधीचं नाव "प्रतीक्षा" होतं, ते बदलून तिनं "खालून तिसरी" केलं.

फोटो आणि टांगणी

फोटो ढगाळ दिवसाच्या उजेडात काढा, किंवा दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशात ठेवा. कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीला आणि चित्राला समांतर. जरा मागे जाऊन थोडं झूम करा, म्हणजे कडा फुगलेल्या दिसत नाहीत. फ्लॅश बंद.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ द्या. मालिका असेल तर आधी सगळी कामं जमिनीवर मांडून बघा आणि मधली अंतरं तिथेच ठरवा. काच शक्यतो टाळा. लावलीच तर नेताना तिच्यावर मास्किंग टेपच्या फुल्या मारा.

शेवटी मागच्या बाजूला नाव, शीर्षक, माध्यम, वर्ष लिहा आणि एक बाण काढून त्याच्या टोकाशी "वर" असं लिहा. फ्रेंच चित्रकार मातीसच्या 'ल बातो' ('होडी') या कागदी कातरकामात एक होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब आहे. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते 47 दिवस उलटं टांगलेलं होतं.